प्रतीक्षा यादीतील वडिलांचा क्रमांक पुढे येण्याऐवजी मागे कसा गेला?

वाळव्याची लेक (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे असून गेले वीस महिने सांगलीत डायलिसिस घेत आहेत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. आईला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी तिचे मूत्रपिंड घेण्यास नकार दिला. मी आणि धाकटा भाऊ दोघेही द्यायला तयार होतो, परंतु 'पोरांच्या अंगाला सुरी लागू देणार नाही' या एका वाक्यावर वडिलांनी तो विषय कायमचा बंद केला. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयामार्फत मेंदू मृत (ब्रेन डेड) दात्याच्या मूत्रपिंडासाठी त्यांचे नाव नोंदवले. त्यांचा रक्तगट बी आहे.

जानेवारीत विचारले तेव्हा त्यांचा क्रमांक २३ होता, आणि गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा तो ३१ असल्याचे सांगण्यात आले. पाच महिने वाट पाहून माणूस आठ जागा मागे कसा जातो, हे मला कोणी नीट सांगत नाही. 'येईल नंबर, फोन चालू ठेवा' एवढेच उत्तर मिळते. त्यातच फोनवरील बाईंनी नावापुढे 'तात्पुरते निष्क्रिय' असा शेरा दिसत असल्याचे सांगितले. तो कधी आणि का पडला, हे आम्हाला ठाऊक नाही. वर्षापूर्वी केलेली टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करून आणण्यासही सांगितले आहे.

नात्यातील एक जण म्हणतात की अशा ठिकाणी ओळखीशिवाय काही होत नाही, आमदारांचे पत्र आणा. वडील हे सगळे ऐकून गप्प असतात, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याची मला अधिक भीती वाटते. ही यादी नेमकी कशी चालते आणि वाट पाहणाऱ्या रुग्णावर लक्ष कोण ठेवते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

माजी समन्वयक, सातारा

ताई, मी काही वर्षे प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम केले आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नातील अस्वस्थता मला परिचयाची आहे. सर्वांत आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ही यादी एस.टी.च्या तिकीट खिडकीवरील रांगेसारखी नसते, जिथे आधी उभा राहिलेला माणूस आधी तिकीट घेऊन बाहेर पडतो. प्रत्येक रुग्णाला गुण दिलेले असतात आणि अवयव उपलब्ध होतो त्या दिवशी त्या रक्तगटातील सक्रिय रुग्णांचा क्रम त्या गुणांवरून लागतो. आपल्याला फोनवर सांगितला जाणारा क्रमांक म्हणजे त्या दिवसाचे चित्र असते, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलू शकते.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर हे आपले जिल्हे पुण्याच्या समितीत येतात. रुग्ण थेट समितीकडे जाऊन नाव घालू शकत नाही. नोंदणी मान्यताप्राप्त प्रत्यारोपण रुग्णालयामार्फतच होते, आणि प्रत्येक रुग्णाला राष्ट्रीय पातळीवरील ओळख क्रमांक मिळतो.

आता गुणांविषयी. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या (नोटो) मूत्रपिंड वाटपाच्या निकषांत सर्वांत जड पारडे डायलिसिसच्या कालावधीचे आहे. दर महिन्याला एक गुण, आणि तो मोजायचा डायलिसिस सुरू झाल्यापासून, नाव नोंदवल्यापासून नव्हे. आपल्या वडिलांचे वीस महिने म्हणजे वीस गुण झाले. समजा, पंढरपूरकडचा एखादा शेतकरी पाच वर्षे डायलिसिसवर आहे, पण प्रत्यारोपणाची माहिती नसल्यामुळे किंवा पैशांची जुळवाजुळव न झाल्यामुळे त्याने नाव मागच्या महिन्यात नोंदवले. तो यादीत येतानाच साठ गुण घेऊन येतो आणि आपल्या वडिलांच्या पुढे बसतो. क्रमांक मागे जाण्याचे सर्वसाधारण कारण हेच असते. मला स्वतःला हा नियम न्याय्य वाटतो. ज्याला माहिती उशिरा मिळाली, त्याने सोसलेली वर्षे त्यामुळे वाया जात नाहीत.

इतर गुण लहान असले तरी काठावरच्या रुग्णांमध्ये निर्णायक ठरतात. सहा वर्षांखालील बालकाला तीन, सहा ते बारा वयोगटाला दोन आणि बारा ते अठरा वयोगटाला एक गुण जादा मिळतो, कारण मूत्रपिंड निकामी झालेल्या मुलाची वाढच खुंटते. हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) करण्याच्या सर्व जागा संपून जो तात्पुरत्या नळीवर आला आहे, त्याला दोन गुण असतात, आणि त्यानंतर बसवलेली कृत्रिम नलिकाही बंद पडली असेल तर चार. ज्याने पूर्वी स्वतःचे मूत्रपिंड दुसऱ्याला दिले आणि आज त्याच्यावरच ही वेळ आली, त्याला पाच गुण मिळतात. मेंदू मृत अवस्थेत अवयवदान केलेल्या व्यक्तीच्या जवळच्या नातेवाइकालाही पाच. राज्ये आणि विभाग यांना स्थानिक बदल करण्याची मुभा आहे, म्हणून आपल्या रुग्णालयाच्या समन्वयकांकडून सध्या लागू असलेला छापील तक्ता मागून घ्या आणि वडिलांचे गुण त्यांच्यासमोर बसून मोजा. हा तक्ता मागण्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

रक्तगटाचेही समजून घ्या. ओ गटाचे मूत्रपिंड शरीराच्या दृष्टीने कोणालाही चालू शकते, पण ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचेच लागते. ओ गटाची मूत्रपिंडे इतरांना वाटत गेलो तर ओ गटाचे रुग्ण जन्मभर थांबतील. म्हणून आधी समान गटाचा रुग्ण शोधतात आणि तो न मिळाल्यासच चालणाऱ्या दुसऱ्या गटाकडे वळतात. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याला इथे महत्त्व नसते.

आता ओळखीविषयी, कारण हा संशय ज्या नियमातून जन्म घेतो तो सांगितलाच पाहिजे. दाता ज्या रुग्णालयात मेंदू मृत घोषित होतो ते स्वतः मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्र असेल, तर एक मूत्रपिंड त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या यादीतील रुग्णाला मिळते आणि दुसरे विभागाच्या सामाईक यादीकडे जाते. त्यामुळे त्या रुग्णालयात नाव असलेला, पण आपल्यापेक्षा कमी गुणांचा रुग्ण आधी बरा होऊन घरी जातो. शेजारचे म्हणतात, 'बघा, वशिला लागला.' प्रत्यक्षात दात्याचे हृदय व रक्तदाब तासन्‌तास सांभाळणाऱ्या आणि शोकात असलेल्या कुटुंबाशी बोलणाऱ्या रुग्णालयांनी हे कष्ट घ्यावेत, यासाठी ती तरतूद आहे. मेंदू मृत झाल्याचा निर्णयही एकट्या डॉक्टरच्या हाती नसतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील डॉक्टर त्या मंडळात बसू शकत नाहीत. अवयवाच्या व्यवहारासाठी पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कोणी पैसे घेऊन क्रमांक पुढे आणण्याचे आश्वासन देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. आमदारांच्या पत्राने गुण वाढत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती 'तात्पुरते निष्क्रिय' या शेऱ्याची. वडिलांना मधल्या काळात ताप, संसर्ग किंवा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली होती का?

वाळव्याची लेक

आपण इतके सविस्तर लिहिलेत, आपले मनापासून आभार. होय. फेब्रुवारीत त्यांच्या डाव्या हाताचा फिस्टुला बंद पडला आणि मानेत तात्पुरती नळी घालावी लागली. आठच दिवसांत डायलिसिस सुरू असतानाच हुडहुडी भरून ताप आला. नळीतून संसर्ग झाला होता. दोन आठवडे इंजेक्शने चालली. आता उजव्या हाताचा फिस्टुला चालू आहे आणि नळी काढली आहे. त्याआधी दिवाळीत हिमोग्लोबिन सहावर आले तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या होत्या. यांपैकी काहीही पुण्याला कळवायचे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

परिचारिका, कराड

मी डायलिसिस विभागात काम करते. दिवाळीतील त्या दोन पिशव्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या बाबीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

दुसऱ्याचे रक्त शरीरात गेले की त्यातील पांढऱ्या पेशींविरुद्ध आपले शरीर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करू शकते. पूर्वीची गर्भधारणा किंवा आधी झालेले प्रत्यारोपण यांमुळेही ती होतात. ही प्रतिपिंडे किती आहेत हे पीआरए नावाच्या चाचणीत टक्क्यांत दिसते. टक्केवारी वाढली तर राष्ट्रीय निकषांत वीस टक्क्यांच्या वरील प्रत्येक दहा टक्क्यांना अर्धा गुण मिळतो खरा, पण त्या अर्ध्या गुणाने आनंद मानू नये, कारण त्याच प्रतिपिंडांमुळे जुळणाऱ्या दात्यांची संख्या घटत जाते. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या यादीतील रुग्णाला शक्यतो रक्त न देता लोहाची आणि एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या औषधाची इंजेक्शने वेळेवर देऊन हिमोग्लोबिन टिकवण्याचा आमचा प्रयत्न असतो. तीन-तीन इंजेक्शने चुकवून मग रक्त चढवण्याची वेळ आणणारे रुग्ण मी रोज पाहते आणि जीव तुटतो. रक्त देणे टाळताच आले नाही, तर पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरमधून द्यावे, असे डॉक्टरांना आवर्जून सांगा. धोका त्याने पूर्ण जात नाही, पण कमी होतो.

प्रयोगशाळेत आपल्या वडिलांचे सीरम, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा द्रव, साठवलेले असते आणि दाता मिळाला की त्याच्या पेशींशी ते जुळवून पाहतात. यालाच क्रॉसमॅच म्हणतात. हे सीरम दिवाळीपूर्वीचे असेल तर ते आजच्या रक्ताविषयी खरे सांगणार नाही. रक्त दिल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना पाठवायला हवा होता. तो गेला आहे का, हे सर्वांत आधी विचारा. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे अहवाल ताजे ठेवा आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे चारही डोस झाले आहेत ना, तेही पाहा. डायलिसिसच्या रुग्णाला ते दुप्पट मात्रेने द्यावे लागतात.

इको पुन्हा करायला सांगितली याचा राग मानू नका. डायलिसिसवर हृदय वर्षभरात खूप बदलते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या रात्री वर्षापूर्वीच्या हृदयाचा उपयोग नसतो.

वाईकर

मी यादीतून गेलेली आहे, म्हणून त्या फोनच्या रात्री काय घडते ते लिहिते. मला तीन वेळा बोलावणे आले.

पहिल्या वेळी रात्री पावणेअकराला फोन वाजला. समन्वयकांनी आधी विचारले, 'ताप, खोकला, जुलाब, दातदुखी काही आहे का? शेवटचे डायलिसिस कधी झाले? शेवटचे जेवण कधी?' मग सांगितले, 'आता पाणीसुद्धा पिऊ नका आणि निघा.' दीर गाडी चालवत होते. खंबाटकीचा बोगदा ओलांडला तेव्हा मी मनात मांढरदेवीच्या काळूबाईला नवस बोलले. पुण्यात पोहोचल्यावर माझ्यासारखे आणखी तीन जण तिथे बसलेले दिसले. एका मूत्रपिंडासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात, कारण वरच्या क्रमांकाच्या रुग्णाचे क्रॉसमॅच जुळले नाही किंवा तो त्या क्षणी आजारी निघाला तर मूत्रपिंड थांबून राहू शकत नाही. रक्त घेतल्यावर क्रॉसमॅचचा निकाल यायला पाच तास लागले. पहाटे सांगण्यात आले की माझ्या पुढील ताईंचे जुळले. त्या रडत होत्या आणि माझ्याकडे बघायचे टाळत होत्या. मी उठून त्यांचा हात धरला आणि आम्ही परत निघालो. सकाळी दहाला मी माझ्या नेहमीच्या खुर्चीवर डायलिसिसला होते.

दुसऱ्या वेळी मी पहिल्या क्रमांकावर होते, क्रॉसमॅचही जुळले होते, पण छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाची सुरुवात दिसली. चार दिवसांपासून खोकला होता आणि मी तो अंगावर काढला होता. प्रत्यारोपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबावी लागते, अशा वेळी छातीत संसर्ग असेल तर माणूस जातो, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. त्या रात्रीचे दुःख मला अजून होते. तिसऱ्या वेळी सगळे जुळले. आता चार वर्षे झाली.

दुसऱ्या वेळेनंतर आम्ही घरात काही गोष्टी बदलल्या. दाराच्या मागे एक कापडी पिशवी कायम टांगलेली असायची. तिच्यात फाइल, डायलिसिसचा तक्ता, ताजे अहवाल, आधार कार्ड, दोन साड्या आणि चार्जर असे. रुग्णालयाला माझा, यजमानांचा आणि शेजारच्या मामींचा असे तीन क्रमांक दिले होते. दोन डायलिसिसमध्ये वजन दोन किलोच्या वर वाढू दिले नाही, कारण पोटॅशियम आणि अंगातील पाणी जास्त असेल तर शस्त्रक्रियेआधी डायलिसिस करावे लागते आणि त्यात मोलाचे तास जातात.

मिरजेहून, भावासाठी

माझा भाऊ यकृताच्या यादीत आहे. त्यालाही महिन्यांचे असेच गुण मिळतात का?

माजी समन्वयक, सातारा

नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसचा आधार असतो, यकृताला तसा पर्याय नाही. त्यामुळे तिथे किती काळ थांबला यापेक्षा किती आजारी आहे याला महत्त्व असते. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर यांवरून मेल्ड नावाचा गुणांक काढतात. तो ६ ते ४० असतो, आणि आता त्यात सोडियमही धरतात. प्रकृती बिघडली आणि रक्ततपासणीचा नवा अहवाल गेलाच नाही, तर कागदावर भाऊ आहे त्यापेक्षा बरा दिसेल. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना तपासणी चुकवू नका. जो काल धडधाकट होता आणि उंदीर मारण्याच्या औषधाने किंवा तीव्र काविळीने ज्याचे यकृत काही दिवसांतच बंद पडले, तो अतितातडीच्या वर्गात सर्वांच्या पुढे जातो.

वाळव्याच्या ताई, आपण कळवलेल्या माहितीवरून शेऱ्याचा उलगडा होतो. संसर्ग असलेल्या रुग्णाला तात्पुरते निष्क्रिय करणे योग्यच असते, आणि त्या काळात डायलिसिसच्या महिन्यांचे गुण कमी होत नाहीत. मात्र बरा झाल्यावर त्याला परत सक्रिय करण्यासाठी आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांचे पत्र रुग्णालयाकडे जावे लागते आणि रुग्णालयाने ते समितीच्या यादीत नोंदवावे लागते. या साखळीतील एक कडी निसटली की रुग्ण घरी फोन उशाशी घेऊन झोपतो आणि यादी त्याच्या नावावरून पुढे जात राहते. सांगलीच्या डॉक्टरांचे पत्र, संसर्ग संपल्याचा रक्ताच्या कल्चरचा (रक्तात जंतू आहेत का, हे पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल आणि नवी इको घेऊन स्वतः पुण्याला जा. सक्रिय केल्याची नोंद संगणकावर पाहूनच उठा.

वाळव्याची लेक

परवा जाऊन आले. आपण सांगितले होते तसेच निघाले. फेब्रुवारीपासून शेरा तसाच होता आणि सीरमचा शेवटचा नमुना दिवाळीच्या आधीचा होता. समन्वयक बाईंशी समोर बसून बोलल्यावर त्यांनी गुणांचा तक्ता दाखवला. जानेवारीनंतर वडिलांपेक्षा जास्त गुणांचे अकरा रुग्ण नव्याने नोंदले गेले आणि वरचे तीन जण यादीतून कमी झाले, म्हणून २३ चे ३१. त्या तिघांपैकी किती जणांना मूत्रपिंड मिळाले आणि किती जण गेले, हे मी विचारले नाही. समन्वयक बाई एकट्या चारशेहून अधिक रुग्णांचे काम पाहतात, हे त्यांच्या टेबलावरील फायली पाहूनच कळले. फोनवर त्या तुटक का बोलतात, तेही उमगले. वडिलांना माझ्यासमोर सक्रिय केले आणि नव्या सीरमसाठी रक्त घेतले. पुढच्या नमुन्याची तारीख मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहिली आहे.

घरी येऊन वडिलांना तक्ता समजावला. त्यांनी बराच वेळ बोटांवर महिने मोजले. मग पहिल्यांदाच स्वतःहून विचारले की आषाढीला पंढरपूरला जाता येईल का. दरवर्षी ते वाखरीपर्यंत तरी जात असत. यादीत असताना असे जाणे चालते का?

परिचारिका, कराड

जरूर जावे, पण एकादशीच्या दिवशी नको. त्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्कही मिळत नाही आणि खोकला-ताप घेऊन परतण्याची भीती असते. पौर्णिमेचा काला झाला की गर्दी ओसरते, तेव्हा डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्या आणि संध्याकाळी परत आणा. समन्वयकांना आधी कळवा की त्या दिवशी आपण पंढरपुरात आहोत आणि तिथून पुण्याला यायला चार-पाच तास लागतील. फोन तुमच्या हातात ठेवा. चंद्रभागेचे पाणी तीर्थ म्हणून तोंडात घालू देऊ नका, आणि उजव्या हाताच्या फिस्टुलावर पिशवी अडकवू देऊ नका.